‘निवांत’वरचे नवग्रह

आमच्या घरात पहिल्यांदा मिक्सर आला, तेव्हा त्याच्यासोबतची सूचनापुस्तिका मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली होती. जर्मन भाषेतला मजकूरसुद्धा नजरेखालून घातला होता. माझे वाचन संपेपर्यंत सौ.ने चटणी वाटून, मिक्सर धुऊन, पालथा घालून ठेवला होता. तेव्हापासून यंत्रांच्या बाबतीत माझे एक मत झाले आहे. यंत्र विकत घेणारा माणूस निराळा, आणि प्रसंगाला ते चालवणारा माणूस निराळा. हे मत मी कधी कुणाला सांगितले नव्हते, कारण आमच्या घरात मते सांगण्याचे काम दुसऱ्या खात्याकडे आहे. पण २०२३च्या ऑक्टोबरात अमेरिकेत, मेरीलँड राज्यातल्या अ‍ॅनापोलिस गावी, हे मत माझ्या आणि माझ्या पुतण्याच्या चांगलेच अंगाशी आले. म्हणून त्या यंत्रांचे हे परीक्षण.

मिलिंद, म्हणजे माझा पुतण्या, तिकडे वीस वर्षे आहे. घर झाले, गाडी झाली, दुसरी गाडी झाली, आणि मग चारचौघांसारखे सुखाने बसायचे सोडून त्याने बत्तीस फुटांची एक जुनी शिडाची नाव घेतली. नावेचे नाव ‘निवांत’. हे नाव तिकडच्या लोकांना उच्चारता येत नाही. त्यामुळे रेडिओवर ते सांगताना त्याला दर वेळी ‘नोव्हेंबर, इंडिया, व्हिक्टर, अल्फा, नोव्हेंबर, टँगो’ असा मंत्र म्हणावा लागतो. एवढे म्हणून झाल्यावर माणूस निवांत कसा राहील?

नाव जुनी, पण तिच्यावरची यंत्रे नवी कोरी. मी मोजली, बरोबर नऊ भरली. सुकाणूच्या चाकापुढे ती देव्हाऱ्यातल्या टाकांसारखी ओळीने मांडलेली. मिलिंद सकाळी नावेवर चढला की आधी यांची पूजा. एकेक बटण दाबायचे, एकेकाने ‘बीप’ करून प्रसाद मिळाल्याचे सांगायचे. नऊही ग्रह प्रसन्न झाले की मगच दोर सोडायचा. यातल्या कशाकडेही माझा हात जरा सरकला, की मिलिंद अत्यंत आदराने म्हणे, “काका, तुम्ही कशाला हात लावू नका. नुसतं एन्जॉय करा.”

हे वाक्य लक्षात ठेवा. परीक्षणाचा सारा भार पुढे या वाक्यावर येणार आहे.

आता ग्रहांची ओळख. त्यातला सूर्य म्हणजे नकाशाचा पडदा, चार्टप्लॉटर. बारा इंची, रंगीत, बोटाने सरकवायचा. त्याच्यावर चेसापीकची खाडी, खाडीतल्या खोलीचे आकडे, दीपस्तंभ, बोये आणि मधोमध आपण, एका लहानशा काळ्या नावेच्या रूपाने. आपण कुठे आहोत हे तो काही मीटरांच्या फरकाने सांगतो. पूर्वी अमेरिकन सरकार उपग्रहांच्या संदेशात मुद्दाम गडबड करून ठेवत असे, त्यामुळे सामान्य माणसाला शंभरेक मीटरची चूक पोटात घालावी लागे. मे २००० मध्ये ती गडबड थांबवली आणि तेव्हापासून जगातल्या हौशी नावाड्यांना आपण कुठे आहोत हे नको इतके नेमके कळू लागले.

पण पडद्यावरचे खोलीचे आकडे? ते कुणी मोजले? मी मिलिंदला विचारले, तर तो म्हणाला, “उपग्रहच असेल ना काका.” मला शंका आली, म्हणून घरी जाऊन वाचले. अमेरिकेच्या सागरी नकाशांवरचे कितीतरी आकडे १९४० पूर्वीच्या पाहणीतले आहेत. म्हणजे दोरीला शिशाचा गोळा बांधून, तो पाण्यात सोडून, माणसाने हाताने मोजलेले. आमच्या मालवणला किल्ल्याकडे होडी नेणारा तांडेल हेच करायचा. त्याचे माप वाव, यांचे फॅदम. दोन्ही म्हणजे दोन हात पसरले की होते तेवढे अंतर. अशी शंभर वर्षांपूर्वीची दोरी आणि आजचा उपग्रह यांचे लग्न त्या पडद्यावर लागलेले असते. मुलगा मीटरभराच्या हिशेबाचा आणि मुलगी अंदाजपंचे. पडदा दोघांनाही सारख्याच चकचकीत अक्षरांत दाखवतो, ही माझी त्याच्याविरुद्ध पहिली तक्रार.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. कागदी नकाशा एकाच मापाचा असतो. तो टेबलावर पसरला की खडक दिसायचा तर दिसतोच. पडद्यावरचा नकाशा मात्र आपण लांबून पाहू लागलो की गर्दी नको म्हणून बारीकसारीक गोष्टी स्वतःच गाळून टाकतो. या बारीकसारीक गोष्टींत कधी कधी खडकही जातात. २९ नोव्हेंबर २०१४ रोजी व्होल्वो ओशन रेस या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतली ‘टीम व्हेस्टास विंड’ ही नाव केप टाउनहून अबुधाबीला चालली होती. मॉरिशसच्या ईशान्येला कारगाडोस काराजोस नावाची लांबलचक प्रवाळांची रांग आहे. रात्रीच्या वेळी भर वेगात नाव थेट तिच्यावर चढली. नावेवरचा नाविक जगातल्या उत्तमांपैकी आणि यंत्रे तर विचारायलाच नको. पण पडदा पुरेसा जवळ आणून पाहिलेला नव्हता आणि त्या मापात तिथे नुसते पाणीच दिसत होते. नऊच्या नऊ माणसे वाचली, हे नशीब. अमेरिकन सरकारने मात्र २०१९ साली जाहीर करून पुढच्या पाच वर्षांत आपले पारंपरिक कागदी सागरी नकाशे बंद करून टाकले. कागद हवाच असेल तर आपला आपण छापून घ्यावा. मी मिलिंदला एक छापून आणायला लावला. तो त्याने गुंडाळून नावेच्या पोटात, ब्लँकेटांच्या खाली, अत्यंत सुरक्षित ठेवला आहे.

माझे आवडते यंत्र म्हणजे खोली सांगणारे, डेप्थ साउंडर. अगदी गरीब स्वभावाचे. नावेच्या तळातून खाली आवाज सोडायचा, तो परत किती वेळात येतो ते पाहायचे आणि एकच आकडा सांगायचा. या खाडीत त्याची गरज किती? खाडी एवढी तीनशे किलोमीटर लांब, पण सरासरी खोली जेमतेम एकवीस फूट. आणि ‘निवांत’ला तरंगायला पाच फूट पाणी लागते. भरती-ओहोटीचा फरक अ‍ॅनापोलिसला फक्त फूटभर. मुंबईचा माणूस त्याला भरती म्हणणार नाही, चहा सांडला म्हणेल. पण वायव्येचा वारा जोराने वाहू लागला की पाणी खाडीबाहेर लोटले जाते, आणि मग वेळापत्रक काहीही म्हणो, तळ वर येतो. अशा वेळी हे गरीब यंत्रच खरे बोलते. फक्त ते कुठून मोजते आहे हे ठाऊक हवे. एकदा आकडा ४.८ झाला. मी म्हटले, “काय रे, हे पाण्याच्या पातळीपासून, की आपल्या नावेच्या बुडाखाली उरलेलं?” मिलिंद थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आधीच्या मालकाने काय सेट केलंय ते बघायला पाहिजे.” तेवढ्यात खालून चिखलाने उत्तर दिले. चिखल मऊ होता. अर्ध्या तासाने सुटलो.

बाकीचे ग्रह भराभर आटोपतो. डोलकाठीच्या टोकावरचे यंत्र वारा कुठून येतो ते सांगते. ते मला माझ्या टकलावरही कळते. रडार धुक्यात उपयोगी, उन्हात शोभेचे. ‘एआयएस’ हे यंत्र मात्र खरेच गुणी. बाल्टिमोरकडे जाणाऱ्या अजस्र मालवाहू जहाजाचे नाव, वेग, दिशा आणि ते आपल्याला किती वाजता किती जवळून ओलांडणार, हे सारे ते आधी सांगते. अडचण एवढीच, की ज्याच्याकडे तसे यंत्र आहे तोच त्यात दिसतो. मोठ्या जहाजांना ते सक्तीचे, लहान नावांना ऐच्छिक. खेकडेवाल्यांची होडी, वल्ही मारणारी कॉलेजची पोरे, हे कुणी त्यात नसतात. मिलिंदला हे माहीत आहे. तरीही तो पडदा पाहून “समोर कोणी नाही” म्हणतो, आणि मी बोटाने समोरचा माणूस दाखवतो. मग ग्रहांतला शनी, ऑटोपायलट. नाव एका दिशेने सोडून दिली की हा सुकाणू धरून बसतो. चहा पीत नाही, कंटाळत नाही, आणि काही झाले तरी दिशा सोडत नाही. रेडिओवर एका झाकणाखाली तांबडे बटण. ते दाबून धरले की नावेचा नऊ आकडी क्रमांक आणि ठिकाण यांसह संकटाची हाक आपोआप जाते. आणि शेवटचे दोन नव्या फॅशनचे: सगळ्या यंत्रांची खबर खिशात आणणारा मोबाइल फोन, आणि गळ्यात किंवा खिशात ठेवायचा एक बिल्ला. हा बिल्ला घातलेला माणूस पाण्यात पडला, की नावेवर बोंब होते.

आता तो दिवस. वारा पडलेला, म्हणून शिडे गुंडाळून इंजिनावर चाललो होतो. मानसी, म्हणजे मिलिंदची बायको, आणि सौ. घरीच होत्या. नावेवर आम्ही दोघे. थॉमस पॉइंटचा तो १८७५चा, पाण्यात खांबांवर उभा असलेला दीपस्तंभ मागे पडला होता. शनीमहाराज सुकाणूवर. बाजूला लोंबणारी एक रबरी उशी वर घ्यायची राहिली होती, म्हणून मिलिंद कठड्याशी वाकला. तेवढ्यात शेजारून एक मोटरबोट भन्नाट गेली. तिची लाट आली, ‘निवांत’ने मान डोलावली, आणि मिलिंद तिथे नव्हता.

मला आधी वाटले, तो खाली वाकला आहे. मग मागे पाहिले.

पाच नॉट वेग म्हणजे फार काही नाही, माणूस भराभर चालतो त्याहून थोडा जास्त. पण त्या वेगाने एका मिनिटात दीडशे मीटर होतात. आणि दीडशे मीटरवरून पाण्यातले माणसाचे डोके म्हणजे नारळ. नारळी पौर्णिमेला आम्ही सोडायचो तेवढा. मी बसायची चौकोनी उशी उचलून फेकली. तिकडच्या कायद्याने अशी फेकायची उशी नावेवर असतेच. ती माझ्यापासून चार हातांवर पडली. मग मी देव्हाऱ्याकडे वळलो. नऊही ग्रह हसतमुख. पडद्याच्या कोपऱ्यात हिरव्या अक्षरांत लिहिले होते, सर्व मंडळी नावेवर आहेत. कारण मिलिंदचा बिल्ला त्याच्या दुसऱ्या जाकिटात होता, आणि जाकीट खाली केबिनमध्ये खुंटीला.

ऑटोपायलटला पाच बटणे. एकावर ‘ऑटो’. ते मला नको होते. चारांवर बाण आणि आकडे वगैरे होते. आणि एकावर ‘स्टँडबाय’, म्हणजे एकूण सहाच की हो! तेव्हा मोजायला वेळ नव्हता. ‘स्टँडबाय’ म्हणजे तयार राहा. मी तयारच होतो. ते कशाला दाबू? मी चाक फिरवून पाहिले. शनीने ते कुरकुर करत परत जागेवर आणले. इंजिन बंद करावे म्हणून किल्ली फिरवली. पडदे अंधारले, बीप झाले, इंजिन सुरूच! डिझेल इंजिन किल्लीने थांबत नाही, त्याला वेगळा खटका असतो, हे ज्ञान मला नंतर देण्यात आले. किल्ली पुन्हा होती तशी केली. ग्रह एकेक करून जागे होऊ लागले.

राहिले तांबडे बटण. मी झाकण उघडले. बोट टेकवले. आणि वाचकहो, खरे सांगतो, त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे रेल्वेच्या डब्यातली साखळी उभी राहिली. विनाकारण ओढल्यास दंड. चाळीस वर्षे लोकलने प्रवास केलेला माणूस मी. हे कारण पुरेसे आहे का, पुतण्या पोहू शकतो, कोस्ट गार्ड आले आणि म्हणाले एवढ्यासाठी बोलावलंत, तर? बोट तिथेच राहिले. आजही ते आठवले की रात्री मला उठून पाणी प्यावे लागते.

नाव शेवटी थांबवली ती एका दांड्याने. इंजिनाचा वेग कमीजास्त करायचा तो दांडा. त्याच्यावर काहीही लिहिलेले नव्हते. निघताना मिलिंदने तो मधून पुढे ढकलला होता, एवढे मी पाहिले होते. पुढे केल्यावर जी पुढे जाते, ती मध्ये आणल्यावर थांबावी, हा एस.टी.च्या ड्रायव्हरशेजारी बसून मिळवलेला अनुभव. मी दांडा मध्ये आणला. इंजिनाचा आवाज मऊ झाला. नाव हळूहळू रेंगाळू लागली. तेवढ्यात जागा झालेला पडदा जोरजोरात किंचाळू लागला. का? तर नाव ठरलेली दिशा सोडून भरकटते आहे. मालक मागे राहिला याची बातमी नाही, दिशा सुटली याची बोंब!

मी पाठीमागे उभा राहून बोटाने नारळ दाखवत राहिलो. कुणाला दाखवत होतो देव जाणे. पण नजर काढली असती तर तो पुन्हा सापडला नसता. नारळाभोवती पिवळे काहीतरी फुगलेले दिसले. त्याच्या अंगातले जाकीट. त्यात ना बॅटरी, ना पडदा. पाण्यात विरघळणारी एक गोळी असते. ती विरघळली की स्प्रिंग सुटते, स्प्रिंग वायूच्या नळकांड्याला भोक पाडते आणि जाकीट फुगते. त्या दिवशी सारी शिस्त त्या गोळीने दाखवली.

वीस मिनिटांनी मिलिंद पोहत आला. शिडी लावायचे मला समजले, कारण शिडी शिडीसारखी दिसत होती. वर आल्यावर दात वाजवत त्याने पहिले वाक्य उच्चारले, “काका, ऑटोपायलट का नाही बंद केलात?”

“कुठलं बटण?”

“स्टँडबाय!”

यावर आमची चर्चा त्याला कोरडे कपडे घालीपर्यंत चालली. त्याचे म्हणणे, स्टँडबाय म्हणजे यंत्राने बाजूला होऊन वाट पाहणे. बरोबरच आहे. यंत्राच्या बाजूने पाहिले तर शब्द चोख आहे. पण बटण दाबतो माणूस. जो शब्द त्याने वाचायचा, तो त्याच्या बाजूने लिहायला नको? नावेवर एक जागा दाखवणारे बटण आहे. माणूस पडला की ते दाबायचे, म्हणजे पडल्याची जागा नकाशावर उमटते. तेही मिलिंदने मला तेव्हाच दाखवले. ओल्या बोटाला पडदा दाद देईना, म्हणून टॉवेलने पुसून दाखवले. जागा उमटते खरी, पण प्रवाहाने माणूस तिथून वाहत जातो आणि जागा तिथेच बसून राहते. तरी नसण्यापेक्षा बरे.

नऊ यंत्रांच्या नऊ पुस्तिका मी नंतर वाचल्या. सगळ्या मालकाशी बोलतात. ‘आपल्या नावेचा आनंद लुटा.’ बिल्ल्याची पुस्तिकाही मालकाशीच बोलते, आणि मालक तर पाण्यात! पाण्यात पडतो कोण? कठड्याशी वाकणारा, पुढे जाणारा, सगळे येणारा. मागे उरतो कोण? ज्याला कशालाही हात लावू दिलेला नाही तो. मालवणच्या आमच्या तांडेलाकडे काही नव्हते. पण होडीत बसलेल्या प्रत्येक पोराच्या हातात तो एकदा तरी सुकाणू द्यायचा. आम्ही घाबरलो तर म्हणायचा, “मी पडलंय तर तुमका घराक कोण व्हरतलो?”

त्याच आठवड्यात अ‍ॅनापोलिसला नावांचे प्रदर्शन होते. शिडाच्या नावांचे तिथले प्रदर्शन १९७० पासून भरते. बंदराच्या ज्या चिंचोळ्या पाण्यात एरवी लोक आपल्या नावा मिरवत येतात आणि पुढे वाट नाही म्हणून परत फिरतात, त्याला गावातले लोक ‘इगो अ‍ॅली’ म्हणतात. या अहंकार गल्लीच्या काठी तंबूच तंबू. मिलिंद मला घेऊन गेला. एका तंबूत नवा बिल्ला होता. हा पाण्यात पडला की नुसती बोंब मारत नाही, इंजिनही बंद करतो. मला आवडला. विचारले, “आणि बिल्ला खुंटीवर राहिला तर?” विक्रेता म्हणाला, “तशी आठवण फोनवर येते.” “फोन कुठे असतो?” “मालकाच्या खिशात.” मी मिलिंदकडे पाहिले. त्याचा फोन खाडीच्या तळाशी, सरासरी एकवीस फुटांवर होता. मिलिंदने तरीही दोन बिल्ले घेतले. एक माझ्या गळ्यात अडकवला.

दुसऱ्या दिवशी मी आणि मानसी औषधाच्या पेटीतली पांढरी चिकटपट्टी घेऊन नावेवर गेलो. ‘स्टँडबाय’वर लिहिले, ‘सुकाणू हातात घ्या’. दांड्यावर, ‘मध्ये आणा, थांबते’. इंजिनाच्या खटक्यावर, ‘खरे बंद’. तांबड्या बटणाच्या झाकणावर मी माझ्या हाताने लिहिले, ‘खुशाल दाबा. दंड नाही.’ मिलिंद आला, त्याने पाहिले, नावेची शोभा गेली म्हणून थोडा हळहळला. मग स्वतःच मला चाकाशी उभे करून दोन तास नाव फिरवायला लावली. सौ.लाही उभे केले. तिने पहिल्याच फेरीत न वाचता योग्य ते बटण दाबले.

शेजारच्या धक्क्याला एक म्हातारे अमेरिकन जोडपे असते. त्यातल्या आजीबाई पट्ट्या पाहायला आल्या. ही कुठली लिपी, काय लिहिले आहे, सगळे विचारून घेतले. मग हळूच, नवऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, “आमच्याही नावेवर लिहून द्याल? इंग्रजीत?” मी सकाळभर बसून लिहून दिले. संध्याकाळी त्यांनी डझनभर निळे खेकडे पाठवले. सौ.ने मालवणहून आणलेल्या मसाल्याची पुरचुंडी सोडली.